कागदाची नळी आणि एक घराणे

वस्तू घरात आली की आपले लक्ष तिच्याकडे जाते; ती ज्या वेष्टनात आली, त्या वेष्टनाकडे सहसा जात नाही. दुधाची पिशवी कात्रीने कापावी, दूध पातेल्यात ओतावे, पिशवी विसळून खिडकीच्या गजाला अडकवावी, एवढाच आपला तिच्याशी संबंध. मग ते वेष्टन ज्या यंत्रावर तयार होते त्या यंत्राचा, आणि ते यंत्र ज्या घरात जन्मास आले त्या घराचा विचार कोण कशाला करील? मला तो करावा लागला तो पोटासाठी. १९७४ साली मी बडोद्याच्या बाजूच्या एका दुग्धशाळेत नोकरीस लागलो आणि २००८ साली निवृत्त झालो. त्या काळातील बहुतेक वर्षे भरणी-विभागात गेली. आरंभी काचेच्या बाटल्या व त्यांवरची ॲल्युमिनियमची पातळ टोपणे होती. पुढे पॉलिथिनच्या पिशव्या आल्या आणि पहाटे दोन वाजता बाटल्यांचा जो खणखणाट चाले, तो एकाएकी थांबला.

पिशवी भरण्याचे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर पॉलिथिनच्या पातळ पट्ट्याचे मोठे रीळ असते. तो पट्टा खाली येताना एका वाकड्या गळपट्टीवरून वळतो आणि त्याची नळी होते. दोन कडा जेथे एकमेकींवर येतात, तेथे उभी चिकटपट्टी बसते. मग दोन तापलेले जबडे नळी आडवी चिमटतात, वरून मोजके दूध पडते, नळी खाली सरकते आणि जबडे पुन्हा मिटतात. खालच्या पिशवीचे तोंड आणि वरच्या पिशवीचा तळ एकाच दाबात तयार होतो. सारे कौशल्य त्या जबड्यांत आहे. उष्णता कमी पडली तर पिशवी गळते, जास्त झाली तर कड जळून ठिसूळ होते. माझी निम्मी नोकरी त्या दोन चुकांच्या मधली वाट शोधण्यात गेली, असे म्हटले तरी चालेल.

याच विद्येचा एक छोटा कारखाना आमच्या घरातही निघाला. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणत असू, कलाभवनात शिकलेले होते. १९७८ साली त्यांनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली आणि मसाले, सुपारी, बडीशेप यांच्या पुड्या बांधणारी लहान यंत्रे करावयास आरंभ केला. भांडवल म्हणजे वहिनींच्या पाटल्या आणि एक जुना लेथ. माणसे म्हणजे दादा, एक मिस्त्री आणि दोन पोरसवदा मदतनीस. दादा जाऊन आता सहा वर्षे झाली. कारखाना त्यांच्या दोन मुलांकडे आला आणि गेल्या वर्षी, जे बहुतेक घरांत व्हायचे ते आमच्याही घरात झाले. थोरल्याचे म्हणणे, यंत्र माझ्या हातचे. धाकट्याचे म्हणणे, गिऱ्हाईक माझ्या पायपिटीचे. वाटणीची भाषा सुरू झाली आणि दोघेही माझ्याकडे आले. “काका, तुम्हीच काय ते सांगा,” असे म्हणून त्यांनी मला मध्यस्थाच्या खुर्चीत बसविले.

न्यायनिवाडा करण्याइतकी माझी योग्यता नाही. परंतु नोकरीच्या काळात एका स्वीडिश घराण्याची हकीकत मी आवडीने गोळा केली होती, ती मी त्यांना सांगितली. ती येथे विस्ताराने देतो. कारण आपल्या मराठी घरांतून, मग ती बडोद्याची असोत, इंदूरची असोत की बेळगावची, असे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्या सर्वांना हा प्रश्न आज ना उद्या पडणारच आहे.

स्वीडनच्या नैऋत्य किनाऱ्यावर हेलसिंगबोरीजवळ रोओ नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८९५ साली रुबेन अँडरसन नावाचा मुलगा जन्मास आला. अँडरसन हे तिकडे अतिशय सामान्य आडनाव. पुढे त्याने आपल्या गावाकडच्या रौस या पॅरिशच्या नावावरून रौसिंग हे नवे आडनाव घेतले. गाव सोडून गेलेल्या माणसाने गाव नावात बांधून घ्यावे, ही गोष्ट आपल्या ‘कर’ मंडळींना निराळी सांगावयास नको. हा रुबेन रौसिंग अर्थशास्त्र शिकला आणि पहिल्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे त्याने एक नवलाची गोष्ट पाहिली. दुकानात गिऱ्हाईक स्वतःच फिरून माल उचलते, वाणी तराजू घेऊन समोर उभा नाही. अशी दुकाने युरोपात आली तर पीठ, साखर, मीठ हे सारे आधीच पुड्यांत बांधलेले लागणार, हे त्याने तेव्हाच हेरले. १९२९ साली एरिक ओकरलुंड या भागीदाराबरोबर त्याने वेष्टनांचा कारखाना काढला. भागीदार १९३३ साली बाजूला झाला आणि धंदा रौसिंग यांच्याकडे आला.

कोरड्या मालाची पुडी बांधणे सोपे. दुधाचे काय करावयाचे? बाटली जड, फुटणारी, परत आणून धुवावी लागणारी. कागदाचे भांडे करावयाचे तर त्याला घड्या व जोड फार, आणि कागदही फार लागणार. हा प्रश्न कारखान्याच्या प्रयोगशाळेतील एरिक वॉलेनबर्ग नावाच्या तरुणाने १९४४ साली सोडविला. कागदाची नळी घ्यावी, एक टोक आडवे चिमटावे आणि दुसरे टोक त्याला काटकोनात उभे चिमटावे. जो आकार मिळतो तो चार त्रिकोणी बाजूंचा, थेट शिंगाड्यासारखा. एका अखंड पट्ट्यातून असे शिंगाडे एकामागून एक निघतात आणि कागदाचा तुकडासुद्धा वाया जात नाही. वाचकांनी हातातल्या मासिकाचे एखादे जाहिरातीचे पान गुंडाळून हा प्रयोग करून पाहावा. दोन चिमट्यांत समजेल.

आकार मिळाला, तरी एक अडचण राहिली. पुडक्यात दुधाबरोबर हवा शिरे. ही अडचण, असे सांगतात, रुबेन यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी दूर केली. नळीत दूध सतत वाहू द्यावे आणि दुधाच्या पातळीखालीच, दुधातूनच, जबडे मिटावेत. तिकडे मांसाचे सारण आतड्याच्या नळीत भरताना भरलेली नळीच मधे मधे पिळतात, तसे. तापलेल्या जबड्याने दुधाला करपट वास येईल, अशी शंका यजमानांनी काढली. करून पाहिले आहे का, असे बाईंनी विचारले. करून पाहिल्यावर वास आला नाही. जबडे मिटताना पातळ दूध दोन्ही बाजूंना सरते आणि कागदाला कागद मिळतो, इतकी ती सरळ गोष्ट होती.

येथे मला आमच्या वहिनींची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. दूध जबड्यांतून सरते, परंतु मसाल्याची पूड सरत नाही. दादांच्या पहिल्या यंत्रावर हळदीच्या पुड्या होत त्या दहांतल्या दोन-तीन उकलत. पूड वरून पडताना तिची धूळ नळीच्या आतल्या अंगाला बसे आणि नेमकी जोडात सापडे. दादा व मिस्त्री जबड्यांची उष्णता वाढवून वाढवून थकले. वहिनी रोज संध्याकाळी डबा घेऊन शेडवर येत आणि पुड्या पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे मोजत. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, “करंजीच्या कडेला सारण लागलं की ती तळणीत फुटायचीच. तेल किती तापवता याला काय अर्थ? आधी कड कोरडी ठेवा.” मिस्त्रींनी पूड सोडणारे नळकांडे चार बोटे खाली आणले आणि पूड बसावी म्हणून जबडे मिटण्याआधी एक क्षणभर खंड ठेवला. यंत्र मिनिटाला काही पुड्या कमी करू लागले, पण पुड्या उकलणे जवळजवळ थांबले. आमचा कारखाना त्या दिवसापासून चालू लागला, असे दादा नेहमी म्हणत. मात्र ते घरात म्हणत. यंत्राच्या माहितीपत्रकात नव्हे.

रौसिंग यांची कथा पुढे मोठी आणि कष्टाची आहे. कल्पना १९४४ सालची; परंतु दुधास टिकेल असा कागद, त्यावर पॉलिथिनचा पातळ थर देण्याची रीत आणि हे सारे न चुकता करणारे यंत्र, यांतील काहीच त्या वेळी तयार नव्हते. हॅरी येरुंड या अभियंत्याने यंत्र उभे केले. १९५१ साली लुंड या विद्यापीठाच्या गावी ‘टेट्रा पाक’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ च्या सप्टेंबरात पहिले यंत्र त्याच गावच्या दुग्धसंघाकडे गेले. त्यावर भरली जाई ती मलई, १०० मिलिलिटरच्या पुडक्यांत. म्हणजे कल्पना सुचल्यापासून पहिले यंत्र विकले जाईपर्यंत आठ वर्षे लोटली. विकल्यावरही सुख नव्हते. जोड गळत, आणि शिंगाडे सरळ रचता येत नसल्याने त्यांच्यासाठी निराळ्या षट्कोनी टोपल्या कराव्या लागत.

१९५४ साली रुबेन यांनी हान्स या मुलाला कंपनीचा प्रमुख केले आणि थोरल्या गाड यास त्याच्या जोडीला दिले. हान्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. तो रशियन भाषा शिकलेला, आणि पुढे सोव्हिएत रशियाशी व्यापार करताना ती विद्या त्याच्या उपयोगी पडली. गाड याची खरी ओढ पुराणवस्तुशास्त्राकडे. असे दोन निराळ्या वृत्तींचे भाऊ एका यंत्रामागे चाळीस वर्षे उभे राहिले. १९६३ साली विटेसारखे चौकोनी खोके आले. ते फळ्यांवर व मालमोटारीत जागा न दवडता रचता येई. पेरॉक्साइडच्या द्रवातून निर्जंतुक करून घेतलेल्या कागदात, क्षणभर सुमारे १४० अंशांपर्यंत तापवून थंड केलेले दूध भरले तर ते बर्फावाचून महिनोन्‌महिने टिकते, ही युक्ती आधी शिंगाड्यात साधली होती. १९६९ साली ती विटेतही साधली. त्या कागदाचे थर सहा. बहुतेक वजन कागदाचे, बाकी पॉलिथिन, आणि उजेड व हवा अडविण्यास केसाहूनही पातळ असा ॲल्युमिनियमचा पत्रा.

या सर्वाला पैसा कोठून आला? ज्या जुन्या वेष्टन-कारखान्याने घराला वैभव दिले होते, तो चालता कारखाना रौसिंग कुटुंबाने १९६५ साली विकून टाकला आणि सारे बळ या नव्या यंत्रामागे लावले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिली दोन वर्षे कोणी घेईना, आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर त्यांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर पुन्हा आरंभ केला, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. जात एकच आहे. यंत्राचा धंदा पिकाचा नव्हे, फळझाडाचा आहे. लावणाऱ्याने पहिल्या बहराची वाट पाहावयाची असते, आणि त्या काळात घरातील माणसांनी एकमेकांस विचारावयाचे नसते की तुझ्या वाट्याचा घाम किती.

तरी या कथेची दुसरी बाजूही मी पुतण्यांपासून लपविली नाही. २७ मार्च १९४४ रोजी पेटंटाचा जो अर्ज झाला तो रुबेन रौसिंग यांच्या नावाने. वॉलेनबर्ग यांचे नाव जगाला फार उशिरा कळले. १९९१ साली स्वीडनच्या अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सुवर्णपदक दिले, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. कायद्याने यात काही वावगे नसेल. कारखान्यातील नोकराची कल्पना मालकाची, हा व्यवहार जगभर चालतो. तथापि ४७ वर्षे हा काळ थोडा नव्हे. वाढीचीही एक किंमत असते. यंत्र भाड्याने द्यावे आणि त्यावर चालणारा कागद आपल्याकडूनच घ्यावा अशी अट घालावी, ही त्या कंपनीची रीत होती. युरोपीय आयोगाने १९९१ साली त्याबद्दल व बाजारातील इतर दांडगाईबद्दल तिला साडेसात कोटी एकूंचा दंड केला (एकू हे युरोच्या आधीचे तिकडचे हिशेबाचे चलन), आणि न्यायालयानेही १९९६ साली तो कायम ठेवला. त्याच १९९१ साली कंपनीने अल्फा लाव्हाल ही दुधाच्या यंत्रांची शतायुषी कंपनी विकत घेतली, जिची मलई काढणारी यंत्रे आमच्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहेत. आज १६० हून अधिक देशांत रौसिंग यांची खोकी जातात. आपल्याकडे १९८५ साली आंब्याच्या रसाचे ‘फ्रूटी’ त्यात आले, आणि आज पुण्याजवळ चाकणला त्यांचा कारखाना आहे.

राहिली वाटणी. रुबेन १९८३ साली गेले. १९९५ साली हान्स यांनी आपला अर्धा वाटा गाड यांना विकला आणि ते बाजूला झाले. यंत्रांची, कारखान्यांची, नावाची फाळणी झाली नाही. एकाने पैसा घेतला, दुसऱ्याने धंदा घेतला आणि धंदा अखंड राहिला. मला जे सांगावयाचे होते ते हेच. घराचे दोन भाग करता येतात, मधे भिंत घालता येते. यंत्राचे करता येत नाहीत. जबडे एकाकडे आणि रीळ दुसऱ्याकडे गेले, तर पुडी कोणाचीच होत नाही.

हे सर्व ऐकून घेतल्यावर वहिनी, ज्या इतका वेळ कोपऱ्यात सुपारी कातरीत बसल्या होत्या, त्यांनी मला विचारले, “भाऊजी, त्या बाईंचं नाव यंत्रावर आहे का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “गोष्टीत आहे.”

“आणि आमच्या मिस्त्रींचं?”

यावर कोणी काही बोलले नाही. मिस्त्री अकरा वर्षांपूर्वी आमची शेड सोडून दुसऱ्या एका कारखान्यात गेले होते. पगार थोडा अधिक मिळाला हे कारण सांगण्यात आले. परंतु जाताना ते दादांना म्हणाले होते की, साहेब, प्रदर्शनात यंत्रापाशी तुमचे दोन्ही मुलगे उभे होते, मी पाणी देत होतो. दादांना ते वाक्य शेवटपर्यंत बोचत राहिले. मिस्त्री गेल्यावर जे नवे यंत्र आम्ही आठ महिन्यांत करणार होतो, त्याला अडीच वर्षे लागली. पैशांत मोजावयाचे म्हटले तरी तो हिशेब पगारवाढीपेक्षा फार मोठा होतो.

पुढे दोघा भावांनी मिळून हिशेबनिसाकडून कारखान्याची किंमत काढविली. धाकटा आपला वाटा पाच वर्षांच्या हप्त्यांनी घेणार आणि त्या काळात विक्रीचे काम पगारावर पाहणार, असे ठरले. थोरल्याने शेड, यंत्रे आणि कर्ज घेतले. कागदावर सह्या झाल्या तेव्हा दोघांचीही तोंडे उतरलेली होती, हे मी लपवीत नाही. वाटणी कितीही स्वच्छ झाली तरी ती वाटणीच. एक गोष्ट मात्र थोरल्याने कोणी न सांगता केली. नव्या माहितीपत्रकात, यंत्राचे चित्र आहे त्याच्याखाली, जोडात धूळ न अडकण्याची योजना कोणाच्या सूचनेने व कोणाच्या हाताने झाली हे दोन ओळींत छापले, आणि एक प्रत मिस्त्रींच्या घरी स्वतः नेऊन दिली. मिस्त्री आता थकले आहेत, डोळ्यांनी अधू झाले आहेत. नातवाकडून त्यांनी ते वाचून घेतले आणि पुन्हा एकदा वाचावयास सांगितले.

आमची शेड फार मोठी होईल असे मला वाटत नाही. तशी महत्त्वाकांक्षाही कोणाची नाही. बारा-पंधरा घरांची चूल तीवर पेटते, हे पुष्कळ आहे. परंतु ज्यांच्या घरी असा एखादा लहान कारखाना, छापखाना किंवा गिरणी असेल, त्यांनी एक वही घालावी आणि कोणत्या वर्षी कोणती युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली, ते नावानिशी लिहून ठेवावे. त्यात घरच्या स्त्रियांची आणि पगारी माणसांची नावे सर्वांत आधी लिहावीत. कारण मुलांची नावे लिहावयास कोणी विसरत नाही. पुढे वाटणीची वेळ आलीच, तर कोणाचे काय आहे हे सांगावयास निदान ती वही असेल.